मुळाशी राहिलेला डाळिंबी

चार बोटं रुंद, लाकडी दांड्याचा, पत्र्याच्या पट्टीत केस आवळून बसलेला मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, ब्रशला सांगण्यासारखं काय असणार? उचलला, बुडवला, फिरवला, ठेवला. तुमचा हा संशय मला आवडला. कारण मी स्वतःही संशयी आहे आणि हा गुण मला जन्मापासून चिकटला आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिचं काम एकच, नव्या ब्रशचे केस ओढून पाहणं. तिने मला कुरवाळलं नाही, की उलटूनपालटून पाहिलं नाही. चिमटीत केस धरले आणि खसकन ओढले. दोन निघाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरून पळून आलोय. मग पुन्हा ओढले. या वेळी एकही निघाला नाही, तेव्हा कुठे तिने मला खोक्यात टाकलं. तर या जगातला मला झालेला पहिला स्पर्श असा, खात्री करून घेणारा.

पुढे मला विकत घेतलं ते एका रंगाऱ्याने. सगळे त्याला पेंटरकाका म्हणत. त्याने मला तळहातावर दाबलं, केस पंख्यासारखे पसरवले, नाकाला लावून वास घेतला आणि दुकानदाराला विचारलं, "मागच्यासारखा टकला नाही ना होणार?" दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही लग्नाची मुलगी बघायला आलाय की ब्रश?" काका म्हणाला, "मुलगी एकदाच बघतात. ब्रशकडे रोज बघावं लागतं."

मित्रांनो, या माणसाचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. डबा उघडला की आधी वास, मग काठीने तळ ढवळून पाहणं. भिंत दिसली की बोटाच्या पेराने टकटक, आणि कान लावून ऐकणं. कुठे पोकळ वाजलं तर मान हलवायचा आणि स्वतःशीच गुणगुणायचा:

भिंत म्हणे रंगा, वर तुझा थाट,
आत ओल दाट, माझी मला.

ओल्या रंगावर तर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. "ओला रंग म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोर," असं तो म्हणायचा. "किती शहाणं दिसतं. सुकू दे, मग कळतील गुण."

मात्र काम संपलं की हाच संशयी माणूस माझ्यापाशी मऊ व्हायचा. नळाखाली मला धरायचा, बोटांनी केस मुळापर्यंत फाकवायचा, पिळायचा, पुन्हा फाकवायचा. पाणी पिण्याइतकं स्वच्छ निघेपर्यंत त्याचं समाधान व्हायचं नाही. मग कागदात गुंडाळून पिशवीत. बारा वर्षं मी त्याच्या हातात राहिलो. शाळेची दारं रंगवली, दवाखान्याच्या खिडक्या रंगवल्या, एका न्हाव्याच्या दुकानातली छपराखालची पट्टी रंगवली. लोक म्हणत, "भिंत काय उठून दिसते." भिंतीचं कौतुक व्हायचं, रंगाचं व्हायचं, क्वचित काकाचंही व्हायचं. ब्रशचं कुणी करत नाही. मला त्याचं दुःख नाही. ज्याचं कौतुक होत नाही, त्याच्यावर आळही येत नाही, असं मला वाटायचं.

बारा वर्षांत काका मला धुताना एकदाच चुकला. तीच माझी गोष्ट.

एका घरात दोघी बायका होत्या. एक ताई, वय पन्नाशीकडे झुकलेलं, उंच, कमी बोलणारी. दुसरी तिच्या धाकट्या भावाची बायको. तिला काका वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. दोघी वेगवेगळ्या ठिकाणी शिवणकामाला जायच्या. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मशिनीवर मान मोडल्यावर दोघींनी ठरवलं होतं, की आता घरातलीच पुढची खोली रिकामी करायची, दोन मशिनी शेजारी शेजारी मांडायच्या आणि आपलंच दुकान काढायचं. समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा लावायचा. भिंत तांबडी, गडद, हे दोघींना मान्य होतं. कोणती तांबडी, इथे घोडं अडलं होतं.

ताईला हवा होता डाळिंबी, जरा जांभळ्याकडे झुकलेला. वहिनीला हवा होता विटकरी, उन्हात तापल्यासारखा.

"अगं, भिंत शांत हवी," ताई म्हणायची. "शिवण दिसली पाहिजे. भिंतच बोलायला लागली तर कपड्याकडे कोण बघणार?"

"वन्सं, गिऱ्हाईक आरशात आधी तोंड बघतं, मग कपडा," वहिनी म्हणायची. "तुमच्या त्या डाळिंबीपुढे माणूस आजारी दिसतो. तोंड उजळ दिसलं तर उसवलेलंसुद्धा आवडतं."

"उसवलेलं आपण देणार आहोत का?"

"बोलायचं म्हणून म्हटलं हो."

ताईच्या भावाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, दोघींनी वेगवेगळं गाठून विचारलं. तो बिचारा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "मला दोन्ही लालच दिसतात." त्यावर ताईला वाटलं, हा बायकोला सामील. वहिनीला वाटलं, हा बहिणीला सामील. त्यानंतर तो त्या खोलीत फिरकला नाही.

काकाने तोड काढली. दोन्ही रंगांच्या छोट्या डब्या आणल्या आणि भिंतीच्या डाव्या टोकाला ताटाएवढे दोन चौकोन काढायचे ठरवले. आठवडाभर बघा, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा, मग सांगा.

आधी डाळिंबी. मी बुडालो, भिंतीवर चार वेळा आडवा, चार वेळा उभा फिरलो. चौकोन झाला. काका मला धुवायला मोरीत गेला. नळ सोडला. नळाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी गेलं. आतून वहिनीची हाक आली, "काका, चहा गार होतोय." काकाने बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात मला दोन बुचकळ्या मारल्या, फडक्याला पुसलं आणि शेंडा पाहिला. शेंडा स्वच्छ होता. मुळाशी, पत्र्याच्या पट्टीच्या आत, डाळिंबी तसाच दडून बसला होता. मला तो जाणवत होता, जसा तुम्हाला दातात अडकलेला दोरा जाणवतो. पण ब्रशला तोंड कुठे असतं?

चहा पिऊन आल्यावर काकाने मला विटकरीत बुडवलं. भिंतीवर दाब पडला तसा मुळातला डाळिंबी हळूहळू केसांतून खाली उतरला आणि विटकरीत मिसळला. चौकोन झाला. पहिल्याच्या शेजारी, मध्ये हातभर पांढरी जागा सोडून. नंतर पाणी आलं तेव्हा काकाने मला धुतलं, पण तोवर मुळाशी उरलेला थर वाळून चामड्यासारखा झाला होता.

आणि काय सांगू, मित्रांनो, तो दुसरा चौकोन सुकला तेव्हा असा सुरेख दिसला, की दोघी बघतच राहिल्या. ना विटेचा रखरखीतपणा, ना डाळिंबाचा काळोख. सकाळी तो शांत असायचा आणि दिवा लावला की उबदार व्हायचा. वहिनी रोज पांढरं कापड घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची. आठव्या दिवशी ताईने स्वतःचा चेहरा त्या चौकोनाशेजारी हातआरशात पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "तुझाच घेऊ. माझा हट्ट नाही."

वहिनी खूष व्हायला हवी होती. पण ताई कधी इतक्या सहज मागे हटल्याचं तिला आठवत नव्हतं. काकाच्या हातात चहाचा कप देताना ती हळूच म्हणाली, "वन्सं एवढ्यात कशा कबूल झाल्या, काका? काहीतरी आहे."

"रंग आवडला असेल," काका म्हणाला.

"रंगावरून माणसं बदलतात होय?"

मोठा डबा ताईच आणायला गेली. वहिनीला त्या दिवशी कामावर शेवटची पाळी होती. डब्यावर नंबर तोच, झाकणावर कागद तोच. काकाने वास घेतला, तळ ढवळला, आणि आरशाची जागा धरून उजवीकडून रंगवत आला. मोठं काम रोलरने, कडा माझ्याने. दुपारपर्यंत दोन तृतीयांश भिंत झाली. डाव्या टोकाचे चौकोन तेवढे उरले होते. काका जेवायला बसला. भिंत सुकत गेली, आणि जसजशी सुकली तसतशी उघडी पडत गेली. साधी वीट. कोरडी, भगभगीत, गिलावा करायचा राहून गेल्यासारखी.

वहिनी कामावरून आली. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "हा तो रंग नाही."

काका म्हणाला, "नंबर तोच आहे."

"नंबर असेल. रंग तो नाही. हा चौकोन बघा आणि ही भिंत बघा. आंधळं माणूससुद्धा सांगेल." मग तिने डबा फिरवून झाकणावरच्या कागदाची कड नखाने उचलून पाहिली. "कागद काय, कुणीही चिकटवतं."

ताई आतल्या दारात उभी होती. "म्हणजे मी चिकटवला?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही, वन्सं. डबा कोण आणायला गेलं होतं, एवढंच आठवतंय."

"आणि मी असं का करेन?"

"भिंत बिघडली की सगळे म्हणणार, बघा, ताईंचा डाळिंबीच बरा होता."

ताईचा आवाज चढला नाही. उलट उतरला. "मग मीही विचारते. चौकोन काढला त्या दिवशी मी घरी नव्हते. तू होतीस. काकांना चहा तू दिलास. विटकरीच्या डबीत तू काय घालायला लावलंस, की तो एवढा छान दिसला?"

आता दोघींनी मिळून काकाकडे पाहिलं. काकाने दुकानदाराचं नाव घेतलं, रंग मिसळायच्या यंत्रात कमीजास्त झालं असेल म्हणाला. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, भिंतीत ओल असेल. काकाने भिंतीला कान लावून टकटक केलं. भिंत ठणठणीत वाजली. बिचारीवरही आळ आलाच होता, ती तेवढी सुटली. सगळ्यांवर सगळ्यांचा संशय होता. माझ्यावर मात्र कुणाचाच नव्हता. आणि गुन्हेगार तर मीच होतो, पाणी झटकून खिडकीत वाळत पडलेला.

वहिनी म्हणाली, "काका, तुम्ही वन्संच्या ओळखीचे. मला आधीच वाटत होतं."

बत्तीस वर्षं रंगकाम केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्याने रोलर कागदात गुंडाळला, शिडी मिटवली, मला पिशवीत टाकलं. दाराबाहेर पडताना मला आतला आवाज ऐकू आला. काहीतरी जड फरशीवरून ओढलं जात होतं. ताई आपली मशीन मागच्या खोलीत नेत होती.

तो आवाज अजून माझ्या केसांत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपल्या घरच्या नळापाशी बसला. कामावर जायचं नव्हतं, म्हणून मला पुन्हा धुवायला घेतलं. सवय. बोटांनी केस फाकवले आणि थांबला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मुळाशी, पट्टीला चिकटून, डाळिंबी रंगाची खपली होती. काल मी दिवसभर विटकरीत होतो. मग हा डाळिंबी कुठला? त्याने ती खपली नखाने काढली, तळहातावर ठेवली आणि बघत बसला. मला कळलं, त्याला नळाच्या त्या दोन उचक्या आठवताहेत.

मित्रांनो, शेजारीच कचऱ्याचा डबा होता. त्याने मला त्याच्यावर धरलं. सोडलं असतं तर संपलं असतं. दुकानदाराचं यंत्र चुकलं, असं म्हणून तो मोकळा होऊ शकत होता. ब्रश काय साक्ष देणार? मी त्याच्या मुठीत लटकत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचाच संशय आला.

त्याने मला कागदात गुंडाळलं, खपली काडेपेटीत ठेवली आणि चपला घातल्या.

त्या घरी पोचलो तेव्हा पुढच्या खोलीत एकच मशीन होती. वहिनी तिच्यापाशी नुसतीच बसली होती. मशीन चालत नव्हती.

"ताईंना बोलवा," काका म्हणाला. "चूक सापडली. माझी आहे."

ताई आली. दारातच उभी राहिली. काकाने काडेपेटी उघडून खपली दाखवली, नळाचं सांगितलं, चहाचं सांगितलं. "तुम्हाला आवडला तो चौकोन विटकरी नव्हताच. त्यात ताईंचा डाळिंबी उतरला होता. माझ्या ब्रशातून."

वहिनीने खपलीकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. "हे तुम्ही वन्संना वाचवायला सांगताय."

मला तिचा राग आला नाही. एकदा संशय मुळाशी बसला की शेंड्याला कितीही पाणी घाला. काकालाही आला नसावा. तो म्हणाला, "नका ठेवू विश्वास. मीही ठेवला नसता. त्या छोट्या डब्या आहेत ना? द्या. आणि बादलीत चार बोटं पाणी. तुमच्या डोळ्यांसमोर करतो."

त्याने मला डाळिंबीत बुडवलं, एका जुन्या वर्तमानपत्रावर फिरवलं, बादलीत दोन बुचकळ्या मारल्या आणि फडक्याला पुसलं. वहिनी जवळ येऊन वाकून बघत होती. शेंडा तिने स्वतः तपासला. "साफ आहे," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच काहीतरी वाटलं. मग काकाने मला विटकरीत बुडवलं आणि दोघींना आवडलेल्या जुन्या चौकोनाला अगदी लागून नवा पट्टा ओढला. मध्ये पांढरी फट ठेवली नाही. "काठाला काठ भिडला की रंग खोटं बोलू शकत नाहीत," तो म्हणाला. "दोन असतील तर रेघ दिसेल. एक असेल तर रेघ जाईल."

ओला पट्टा वेगळा दिसत होता. वहिनी म्हणाली, "बघा, नाही जुळत."

"ओल्याचं ऐकू नका."

मग तिघं बसले. दोन खुर्च्या आणि एक शिडी. भिंत सुकताना बघत बसलेली माणसं तुम्ही कधी पाहिली आहेत का? ताईने घड्याळाकडे पाहिलं. वहिनीने ताईकडे पाहिलं. वहिनीचा नवरा दारातून डोकावला, भिंतीकडे टक लावलेली तिन्ही डोकी पाहिली आणि आल्यापावली परत गेला. ताई म्हणाली, "त्याला सगळं लालच दिसतं." वहिनीच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला.

तासाभराने काठ पुसट झाला. मग आणखी पुसट. मग वहिनी उठली, भिंतीशी गेली आणि जिथे काठ होता तिथून बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. बोटाला कळत नव्हतं आणि डोळ्यालाही कळत नव्हतं. रेघ गेली होती.

ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. तशीच उभी असताना म्हणाली, "म्हणजे तुमचा रंग होता त्यात."

"थोडा," ताई म्हणाली.

"तोच आवडला मला."

"मला तुझा आवडला होता. म्हणून तर हो म्हटलं."

वहिनी आत गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. पण मागच्या खोलीतून ओढण्याचा आवाज आला, तोच कालचा, या वेळी उलट्या दिशेने. उंबऱ्याशी येऊन तो अडला. "वन्सं, एका बाजूने धरा हो," आतून ती म्हणाली. "एकटीला जमण्यातली नाही ही तुमची मशीन." ताई उठली. काल तिने ती एकटीने नेली होती, ते ती बोलली नाही.

काकाने पिंपात तीन मापं विटकरी आणि एक माप डाळिंबी ओतून ढवळलं, जुन्या चौकोनाला काठ लावून पाहिलं, आणखी अर्धं माप घातलं, पुन्हा पाहिलं, आणि भिंत नव्याने रंगवली. आज त्या आरशापुढे उभं राहून गिऱ्हाइकं विचारतात, "रंगाचा नंबर काय हो?" दोघी एकमेकींकडे बघतात. नंबर नाही. हा रंग दुकानातल्या कुठल्याच रंगांच्या कार्डावर नाही. पुढे भिंत खरचटली तर लावायला एक बाटलीभर तेवढा राखून ठेवला आहे.

आणि मी? माझे केस आता विरळ झाले आहेत. कारखान्यातल्या बाईने ओढून पाहिलं तर मी पास होणार नाही. काकाने मला टाकलं मात्र नाही. भिंत नव्याने रंगवली त्याच दिवशी त्याने खिडकीशेजारी खिळा ठोकला आणि मला तिथे टांगलं. म्हणाला, "हा इथेच राहू दे. दोघींपैकी कुणाला काही वाटलं, तर याचे केस फाकवून बघा." आता मी मशिनींवरचा धागा-धुरळा झाडतो. कामाशिवायही कधीतरी वहिनी मला उचलते. एखाद्या दिवशी ताई फोनवर हळू आवाजात बोलत असते, किंवा कुणाचं कापड आधी घ्यायचं यावरून तोंड फिरवून बसते, तेव्हा वहिनी अंगठ्याने माझे केस मुळापर्यंत मागे सारते आणि आत पाहते. मग मला खिळ्यावर अडकवते आणि सरळ विचारते, "वन्सं, काय झालं?" संशय तिचा गेलेला नाही. माझाही नाही. तो आता तोंडाने बाहेर येतो, एवढंच.

काका अधूनमधून भिंत बघायला येतो. टकटक करतो, कान लावतो. जुनं गाणं त्याने आता बदललं आहे:

शेंडा झाला साफ, मूळ राही लाल,
पुढच्याचे हाल, होती मग.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, कोपऱ्यात, एखाद्या डब्यात, केस दगडासारखे झालेला, तर त्याला एकदा पाण्यात भिजत घाला. घाई करू नका. चहा गार झाला तर होऊ द्या. बोटांनी केस मुळापर्यंत फाकवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. नळाचं पाणी गेलं, तर ते परत येईपर्यंत थांबा.